पाणी मागणारे काका

“पाणी मागितलं की माणूस आत जातो, आणि मग घर बोलायला लागतं.”

हे वाक्य काकांनी नव्या मुलीला जिन्यात सांगितलं. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर ते दम खायला थांबले होते, आणि ती नोकरीत नवीन असल्यामुळे त्यांचा शब्द न् शब्द झेलत होती.

“म्हणजे तहानेचं सोंग करायचं?” तिनं विचारलं.

“सोंग कशाला? इतके मजले चढून कोणाला तहान लागत नाही?”

वर गेल्यावर त्यांनी बेल दाबली, दार उघडणाऱ्या माणसाला नमस्कार केला, ओळखपत्र दाखवलं आणि कामाचं काही बोलण्याआधी म्हणाले, “जरा पाणी मिळेल का?” माणूस आत गेला. काका उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. फक्त त्यांचे डोळे आत गेले. दाराशी चपलांचे जोड किती, आणि त्यातला कोणता या घरातल्या कोणाच्याच पायात बसणारा नाही. बाल्कनीतल्या दोरीवर काय वाळतंय. बेसिनवर दात घासायचे ब्रश किती. सोफ्यामागे गुंडाळून ठेवलेली गादी. माणूस पेला घेऊन आला, काका शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, तोंड पुसलं, चार साधे प्रश्न विचारले आणि निघाले.

“पेला अर्धा ठेवायचा नाही,” खाली उतरताना ते म्हणाले. “अर्धा ठेवला की लोकांना कळतं, आपण पाण्यासाठी आलो नव्हतो.”

नवी मुलगी हसली. काकाही हसले. या शिकवणीतून पुढे काय निघणार याचा त्या क्षणी दोघांनाही पत्ता नव्हता.

त्यांच्या ऑफिसला सगळे मुदत शाखा म्हणत. बाहेरच्या देशातून आलेला प्रत्येक पाहुणा शिरताना नोंदला जायचा आणि जाताना पुन्हा नोंदला जायचा. संगणक या दोन नोंदी समोरासमोर ठेवायचा. जुळल्या की विषय संपला. व्हिसाची मुदत उलटली आणि जाण्याची नोंद सापडली नाही, तर तो माणूस उरायचा. ऑफिसात अशांना ‘उरलेले’ म्हणत, पंगत उठल्यावर पातेल्यात राहिलेल्या भातासारखं. मग त्या उरलेल्यांना चाळणी लागायची. कोणी बोटीने गेलेला असायचा आणि बंदरावरची नोंद उशिरा यायची. कोणाला मुदत वाढवून मिळालेली असायची. कोणी इथल्याच दवाखान्यात वारलेला असायचा, आणि तो गेला खरा, पण संगणकाच्या हिशेबाने गेला नव्हता. चाळूनही जे राहत, त्यांचा मोबाईल कुठल्या भागात वाजतो, त्यांना इथे बोलावणारे नातेवाईक काय सांगतात, हे वरच्या मजल्यावरचे साहेब लोक बघत. आणि सगळ्यात शेवटी कोणीतरी पायाने उठून, येताना लिहून दिलेल्या पत्त्यावर जायचं.

ते कोणीतरी म्हणजे काका. ऑफिसात त्यांना पाणीवाले म्हणत. कँटीनवाला तर त्यांच्यासमोर पेला ठेवताना हटकून म्हणायचा, “काका, हे घ्या, पण माझ्याकडे ब्रश किती ते विचारू नका. सासू आलीय, जात नाही, पण तिला व्हिसा लागत नाही.”

काकांनी आयुष्यात कोणाला धरलं नाही. ते फक्त सांगत: माणूस आहे, किंवा माणूस नाही. त्यांच्या ‘आहे’नंतर एखाद्या सकाळी जाळीच्या खिडक्यांची गाडी त्या पत्त्यावर जाई. ती त्यांनी कधी उभी पाहिली नव्हती. ज्या घरचं पाणी प्यायलं, त्या रस्त्याने ते पुन्हा जात नसत. लांबचा फेरा पडला तरी चालेल. “मी काय करतो?” ते बायकोला म्हणत. “मी पाणी पितो.”

“मग आपल्या घरचं पचत नाही वाटतं,” बायको म्हणायची.

बायकोची जीभ अशी होती. गेल्या वर्षी एका दुपारी ती भांडी विसळताना खाली बसली ती उठलीच नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि ती जीभही गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिच्यात शब्द होते, पण ते तोंडापर्यंत यायला फार वेळ लागायचा. जड सामान घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखे. मुलं नव्हती. पहिली बाई ठेवली ती आठवडाभरात गेली. दुसरी बाई बायकोला कुशीवर वळवताना असा हिसका द्यायची की काकांनीच तिला जा म्हटलं. ते कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावू लागले. दिवसभर परक्या घरांतल्या चपला मोजायच्या आणि मनात मात्र आपल्या घरातली ती एक खाट.

त्या दिवसांत त्यांच्याकडे एक पत्ता आला. मुलीच्या बाळंतपणाला आलेली आई, मुदत उलटलेली. ते गेले, बेल दाबली, पाणी मागितलं. पाणी घेऊन तीच आली. एका हातावर तान्हं मूल होतं आणि दुसऱ्या हातात पेला, आणि पेल्यातलं पाणी हलत नव्हतं.

मूल दिवस भरायच्या आधी झालेलं, मुठीएवढं. त्याला सोडून जाववेना म्हणून ती थांबली होती, आणि मुदतवाढीचा अर्ज करायला उशीर झाला तो झालाच. तिनं काही लपवलं नाही. बोलता बोलता तिनं मूल खांद्यावर घेतलं, मानेखाली दोन बोटं देऊन, असं की त्याला कळलंही नाही. काका ती दोन बोटं बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी चपला मोजल्या नाहीत.

ऑफिसात येऊन त्यांनी सांगितलं, “पत्त्यावर नाही. गेली असावी.”

इथवर कोणी म्हणेल, म्हातारा मनाचा मऊ होता. काकांनाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. पण त्यांना माहीत होतं की जिना उतरतानाच त्यांच्या डोक्यात ती खाट आली होती, आणि खाटेशेजारी ही बाई.

पुढच्या आठवड्यात ते त्याच रस्त्याने परत गेले, नोकरीत पहिल्यांदाच. जावयाला दुसऱ्या गावी काम मिळालं होतं. तिथे मालकाने दिलेली एकच खोली होती, सासूला जागा नव्हती, आणि सासू बाहेर कुठे गेली तर सापडणार. तिघं तेच बोलत बसले होते. काकांनी विचारलं, “आमच्याकडे येता का? माझी बायको आजारी असते.” त्या बाईची मुलगी त्यांच्या पाया पडली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

ती आली आणि घराचा श्वास मोकळा झाला. बायको तिला ताई म्हणू लागली. हा तिचा परत आलेला पहिला पुरता शब्द. ताई बायकोला वहिनी म्हणायची आणि काकांना दादा. ती वहिनींचा पाय मांडीवर घेऊन बोटं एकेक मोकळी करायची आणि त्यांच्याशी भांडायची. “हा पाय माझा नाही, तुमचा आहे. मी एकटीच का हलवू?” बायको डाव्या हाताने तिला चापट मारायची. महिनाभराने ती उशीला टेकून बसली. आणखी काही महिन्यांनी काठी घेऊन बाल्कनीपर्यंत गेली, आणि तिथून बाहेर बघत तिला एक अख्खं वाक्य फुटलं. “समोरचीनं पडदे बदललेत. घाणेरडे आहेत.” काका स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

“देवमाणूस आहात, दादा,” ताई म्हणायची. “तुम्ही नसता तर मी कुठे असते?”

हे ऐकलं की काकांचा घास तोंडात फिरायचा. तरी ते कधी म्हणाले नाहीत की, बाई, असं म्हणू नका. बेल वाजली की आतल्या खोलीत जायचं, खाली उतरायचं नाही, एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं, तेही हळू आवाजात, तिच्याच भल्यासाठी. धमकी त्यांनी कधी दिली नाही. ती द्यावी लागत नव्हती. त्यांच्या शर्टाच्या खिशाला ओळखपत्र लटकत होतं तेवढं पुरत होतं.

रविवारी ती काकांच्या फोनवरून घरी नवऱ्याशी बोलायची. नवरा तिकडे एकटा होता आणि त्याची दृष्टी कमी होत चालली होती. आधी वर्तमानपत्र दिसेना, मग रस्त्यावरची माणसं. एका रविवारी फोन ठेवून ती बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली.

“काय म्हणाले?” काकांनी विचारलं.

“म्हणतात, तू सावकाश ये. तुझा चेहरा आठवतो, म्हणजे दिसल्यासारखाच.” मग म्हणाली, “दादा, त्यांना थोडं दिसतंय तोवर मला जायचंय. काही वाट निघेल का? मला नातवाला बघायला परतही येता आलं पाहिजे. पकडले गेले तर दहा वर्षं शिरू देत नाहीत म्हणतात. दहा वर्षांनी मी कुठली असायला.”

“बघतो,” काका म्हणाले.

आणि वाट निघाली. त्याच महिन्यात सरकारने सवलत जाहीर केली. मुदत उलटलेल्यांनी ठरलेल्या तारखेच्या आत आपण होऊन काउंटरवर यायचं, तिकीट दाखवायचं आणि जायचं. दंड नाही, कोठडी नाही, नावावर काही नाही, पुन्हा यायला आडकाठी नाही. ऑफिसच्या भिंतीवर कागद लागला. तो चिकटवताना वरचं टोक काकांनीच धरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून काउंटरपुढे रांग लागली, पेट्या आणि पोरं घेऊन. काका त्या रांगेजवळून रोज जात. आपण कधीकाळी ज्यांच्या दाराशी पाणी प्यायलो असे एक-दोन चेहरे त्यांना दिसले. त्या चेहऱ्यांवर सुटका होती. त्यांनी मान वळवली.

घरी बायको काठीशिवाय दोन पावलं टाकायला शिकत होती. ताई दोन्ही हात पसरून मागे मागे सरकत होती आणि म्हणत होती, “या, या, मी आहे.”

आठवडाभर थांबून सांगू, काकांनी ठरवलं. पाय जरा बळकट होऊ दे. आठवडा गेला. मग म्हणाले, जिना उतरता येऊ दे. ताईच्या मुलीने कुठूनतरी ऐकलं आणि आईला फोन करून कळवलं, तेव्हा ताईच धावत विचारायला आली. हातांना साबणाचा फेस तसाच होता.

“दादा, सवलत निघालीय म्हणतात. खरं का?”

काका पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, “निघते अशी अधूनमधून. सापळा असतो तो. आपण होऊन गेलं की नाव-गाव घेतात आणि आत टाकतात. मी त्याच ऑफिसात बसतो, मला माहीत.”

“असं करतात?”

“असंच करतात.”

“बरं झालं तुम्हाला विचारलं,” ताई म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

काकांना त्या पानावरची एक ओळही वाचता येईना. त्यांनी वाट बघितली की आत काहीतरी तुटेल, पण काही तुटलं नाही. नळाचं पाणी वाहत राहिलं, बायको काहीतरी विनोद करायच्या प्रयत्नात अडखळली, ताई हसली. आपल्या तोंडून एवढं सहज खोटं निघतं याचीच त्यांना पहिल्यांदा लाज वाटली. ज्याबद्दल खोटं बोललो त्याची लाज नंतर आली, आणि मग ती उठलीच नाही. ती त्यांच्याबरोबर जेवायला बसायची, त्यांच्याबरोबर कामावर यायची. सवलतीची शेवटची तारीख गेली त्या संध्याकाळी रांगेची जागा झाडून काढली जात होती, आणि ते कोपऱ्यात उभे राहून झाडू बघत होते.

सवलत संपली की मुदत शाखेची एक रीत होती: जुने ‘सापडले नाहीत’ पुन्हा तपासायचे. ते काम नव्या मुलीकडे आलं.

“काका, तुमचेच सगळे परत बघतेय,” ती म्हणाली. “शिकायला मिळतं. तुमच्या हातून फारच थोडे सुटलेत.”

“सुटतात एखादे,” काका म्हणाले.

त्या दिवशी घरी जाऊन ते ताईला सांगू शकले असते. तिच्या मुलीकडे पाठवू शकले असते. ते जेवले आणि झोपले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. काकांच्या मनात तेही नव्हतं, नुसता एक दिवा विझवायचा राहून गेल्यासारखं वाटत होतं आणि उठून तो विझवायचा कंटाळा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बेल वाजली. ताई आतल्या खोलीत गेली. काकांनी दार उघडलं. नवी मुलगी एकटीच उभी होती. घामेजलेली, इथलीही लिफ्ट बंद होती.

“काका, मी त्या बाळंतपणवाल्या बाईच्या जुन्या पत्त्यावर गेले होते,” ती म्हणाली. आवाजात ऑफिस नव्हतं. “शेजारीण म्हणाली, एक काका आले होते. आधी पाणी मागितलं, अगदी तळापर्यंत प्यायले. मग आठवड्याने परत येऊन तिला बरोबर घेऊन गेले. मी म्हटलं, तळापर्यंत?” तिनं घाम पुसला. “जरा पाणी मिळेल का?”

काकांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. आत गेलं की घर बोलणार होतं. दाराशी तीन जोड चपला होत्या. बेसिनवर तीन ब्रश होते. दोरीवर ताईचं लुगडं होतं. ते जागचे हलले नाहीत. आपण हललो नाही तर काहीच घडणार नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. खुर्चीत बसलेली बायको त्यांच्याकडे बघत होती. एवढा वेळ कोणी दारात तहानलेलं उभं राहिलं नसेल त्या घरात.

आतून पेल्याचा आवाज आला. मग ताई पाणी घेऊन बाहेर आली. बेल वाजली की लपायचं हे तिला पाठ होतं, पण पाणी मागणाऱ्याला कोणी पाणी देत नाही हे तिला सोसलं नाही.

मुलगी तळापर्यंत प्यायली. पेला परत देताना म्हणाली, “मावशी, मी मुदत शाखेची. तुम्ही इथे कधीपासून?”

ताईने काकांकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं. उभ्यानेच, पेला पोटाशी धरून.

“मग सवलत होती तेव्हा का आला नाहीत? लोक आले, तिकीट दाखवलं, गेले. कोणाला काही झालं नाही. परतही येता येतं त्यांना.”

“कोणालाच आत नाही टाकलं?” ताईने हळूच विचारलं.

“कोणालाच नाही.”

ताईने मान हलवली, स्वतःशीच, एखादा हिशेब उशिरा जुळावा तशी. तिनं काकांकडे बघितलं नाही. ते न बघणं काकांना भाजत गेलं.

मुलगी मात्र आता काकांकडेच बघत होती. “मावशी, नीट आठवून सांगा. तुम्हाला कोणी येऊ दिलं नसेल, कोणी खोटं सांगून थांबवलं असेल, तर तसं मला मांडता येईल. मग बहुतेक दहा वर्षांची बंदी लागत नाही. पण ते तुमच्यातल्याच कोणीतरी सांगितलं पाहिजे. मला माझ्या मनाने लिहिता येत नाही.”

एक वाक्य. आयुष्यभर काकांनी दुसऱ्यांच्या दारात उभं राहून एकच वाक्य सांगितलं होतं, आहे किंवा नाही. आता स्वतःच्या घरात तेवढंच सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. समोर बायको होती, तिचा उजवा पाय आता जमिनीवर सरळ टेकलेला. त्यांना कोठडीचं लोखंडी दार दिसलं, गेलेली नोकरी दिसली, बाहेरून कुलूप लावलेली खाट दिसली. ताईचा आंधळा होत चाललेला नवरा मात्र त्यांना दिसला नाही, कारण त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“सां...” बायको म्हणाली. शब्द चढत होता. “सांग.”

काकांनी तोंड मिटलं.

ताईने वहिनींकडे पाहिलं, त्यांच्या पायाकडे पाहिलं. मग मुलीला म्हणाली, “सांगितलं होतं की दादांनी. जा म्हणाले होते. मीच नाही ऐकलं. म्हटलं, वहिनी जिना उतरू देत, मग बघू.”

“म्हणजे तुम्ही आपण होऊन राहिलात? तसं लिहू?”

“तसंच लिहा.”

“काका,” मुलगी म्हणाली, “खरं आहे हे?”

रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. ताई पेला विसळायला आत गेली. तिला अजून वाटत होतं की विसळलाच पाहिजे. बायको खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न करत होती, एकटी, आणि तिची नजर काकांवरून हलत नव्हती. मुलगी वाट बघत होती.

काका चपलांकडे वळले. तीन जोडांतला आपला त्यांनी बघून घातला. मुलीने बाजूला होऊन वाट दिली, शिष्याने द्यावी तशी, आणि ते जिना उतरून गेले.